विश्लेषण : आठवी-नववीतल्या मुलासाठी पहिली डर्ट बाइक? कुंपणाच्या आत ठीक, पाणंदीवर नको…

२८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीचे उंचवटे, हवेत उडणाऱ्या ४५० आणि २५० सीसीच्या गाड्या आणि त्यांच्याबरोबरीने कुमार गटासाठी ८५ सीसीची वेगळी शर्यत. त्या शर्यतींचे रील्स आजही मोबाइलवर फिरतात आणि आठवी-नववीतली मुले ते पुन्हापुन्हा पाहतात. धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यातल्या तेरखेड्यासारख्या गावात तर मोह आणखी मोठा. घराबाहेर पडले की मुरमाड माळ, नांगरट, ओढ्याचे पात्र. रेसिंग ट्रॅक वेगळा बांधायची गरजच काय, असे वाटावे. ‘आपल्याच रानात चालवेल, कुणाला काय त्रास?’ हे वडिलांचे वाक्यही ठरलेले.

पण पहिली गाडी निवडताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न ‘किती सीसीची?’ असा असतो. तिथेच गडबड होते. सीसीच्या आधी दोन गोष्टी ठरतात. गाडीची चाके नेमकी कुठल्या जमिनीवर फिरणार, आणि आडवी पडलेली गाडी मुलाला एकट्याने उभी करता येणार का.

‘ऑफ-रोड’ म्हणजे कायद्याबाहेर?

अजिबात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार १८ वर्षांखालील कुणालाही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलसाठी ही अट १६ वर्षे आहे, मात्र त्यासाठीही परवाना लागतोच. आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी दोन्ही दरवाजे बंद.

इथे ‘सार्वजनिक ठिकाण’ हा शब्द नीट वाचायला हवा. कायद्याच्या व्याख्येत डांबरी रस्त्याचा आग्रह नाही. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे तो रस्ता, वाट किंवा जागा म्हणजे सार्वजनिक ठिकाण. मग तो रहदारीचा रस्ता असो वा नसो. म्हणजे गावनकाशावरचा पाणंद रस्ता सार्वजनिक. शिवरस्ता सार्वजनिक. गायरान, यात्रेचे मैदान, तलावाच्या भरावावरची वाट यांचेही तेच. घरून निघून पाणंदीने शेतात जायचे आणि तिथे गाडी फिरवायची, हा बहुतेकांच्या डोक्यातला बेत पहिल्या शंभर मीटरमध्येच कायदा मोडतो. तेरखेड्यात तर सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ गावाला लागूनच जातो. रान पलीकडे असेल तर चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो.

नोंदणीचे कलम तर याहून कडक आहे. कलम ३९ सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ बिनानोंदणीचे वाहन चालवू नये, असे सांगते. मग शर्यतीच्या डर्ट बाइक विकल्या तरी कशा जातात? त्यांना दिवे, आरसे, इंडिकेटर नसतात. आरटीओत त्यांची नोंदणी होत नाही आणि कंपन्याही त्या ‘फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी’ म्हणूनच विकतात. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले खास प्रकारचे वाहन कायद्याच्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळले आहे. कुंपण आणि फाटक असलेली स्वतःची जागा किंवा प्रशिक्षणाचा ट्रॅक, एवढाच या गाडीचा हक्काचा प्रदेश. नुसता बांध म्हणजे कुंपण नव्हे.

त्यामुळे ही गाडी शेतापर्यंत स्वतःच्या चाकांवर जात नाही. ती छोटा हत्तीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोराने बांधून न्यायची. दर रविवारी हे जमणार नसेल तर खरेदीचा विचार इथेच थांबवलेला बरा.

पकडले गेल्यास कोणावर कारवाई?

पालकांवर. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ हे १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी अडवले होते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच. स्वतः गाडी विकत घेऊन दिलेल्या वडिलांना हे न्यायालयात कसे सांगता येणार, हा वेगळाच प्रश्न.

यातली शेवटची शिक्षा गावाकडे फारशी कुणी मोजत नाही. पंचविशीपर्यंत परवाना नाही म्हणजे चालक भरती नाही, डिलिव्हरीचे काम नाही, नोकरीसाठी रोज बार्शी-धाराशिवला दुचाकीने जाणे नाही.

टेप घ्या, मग शोरूम गाठा

कायद्याचे जमले असे धरू. आता गाडी. मुलाला भिंतीला पाठ लावून, बूट घालून उभे करायचे आणि जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. तेरा वर्षांच्या, साधारण दीड मीटर उंचीच्या मुलाचे हे माप ७० सेंटिमीटरच्या आसपास भरते. आता गाड्यांच्या सीटची उंची पाहा. कावासाकी केएलएक्स ११०आर या नवशिक्यांच्या गाडीची सीट ६८० मिलिमीटरवर आहे. त्याच कंपनीच्या केएक्स ६५ या शर्यतीच्या गाडीची ७६०. स्प्लेंडर प्लसची ७८५. हिरो एक्सपल्स २०० ४व्ही हिची तब्बल ८२५.

मूल बसल्यावर सस्पेन्शन दोन-तीन सेंटिमीटर दबते, तेवढी सूट मिळते. तरीही पहिल्या गाडीवर दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी पक्के टेकायलाच हवेत. टाचा टेकल्या तर उत्तम. शर्यतीतले रायडर एका पायाच्या बोटांवर उभे असतात हे खरे, पण ते गाडी थांबवतात कुठे हे त्यांना आधीच माहीत असते. नवशिका थांबतो तो बहुतेक वेळा नको तिथे. चढावर, नांगरलेल्या सरीत, दगडापाशी.

मग वजन. केएलएक्स ११०आर पेट्रोलसह ७६ किलो. केएक्स ६५ सुमारे ६० किलो. स्प्लेंडर ११२ किलो आणि एक्सपल्स जवळपास १६० किलो. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलासाठी एक्सपल्स म्हणजे स्वतःच्या साडेतीनपट वजनाची वस्तू. ती चालत असते तोवर हलकी वाटते, कारण फिरती चाके तिला सावरतात. वेग ताशी पाच किलोमीटरवर आला की हे सावरणे संपते आणि सगळा भार एका पायावर येतो. ऑफ-रोडवरच्या नवशिक्यांच्या पडण्याचा मोठा भाग हा असा, जवळपास उभ्या गाडीवरचा असतो. पोटरी सायलेन्सर आणि जमीन यांच्यात अडकते. गाडी हलकी असेल तर भाजण्याआधी पाय सुटतो.

चाचणी सोपी आहे. गाडी बंद करून मऊ मातीवर आडवी ठेवायची आणि मुलाला सांगायचे, उचल. कुणी हात लावायचा नाही. दमून का होईना, तीनदा उचलली तर ती गाडी त्याच्या मापाची. शोरूमवाला ही चाचणी करू देणार नाही, पण जुनी गाडी विकणारा देतो.

‘आता वाढीचे वय आहे, थोडी मोठीच घेऊ’ हा विचार शाळेच्या गणवेशाला चालतो. गाडीला नाही.

सीसीचा आकडा का फसवतो?

कारण त्यातून इंजिनाचा स्वभाव कळत नाही. केएक्स ६५ चे इंजिन ६४ सीसीचे, केएलएक्स ११०आर चे ११२ सीसीचे. कागदावर पहिली लहान. पण पहिली टू-स्ट्रोक आणि शर्यतीसाठी बनवलेली. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. शिवाय शर्यतीच्या टू-स्ट्रोकची ताकद एकसारखी वाढत नाही. खालच्या आरपीएमवर ती सुस्त वाटते. मूल आणखी पीळ देते आणि ठरावीक टप्प्यावर सगळी शक्ती एकदम अंगावर येते. नवशिक्याचे शरीर मागे फेकले जाते, मूठ हँडलला घट्ट धरते आणि त्या ओढीत थ्रॉटल आणखी पिळला जातो. मूठ सोडावी हे सुचेपर्यंत समोर बांध आलेला असतो.

फोर-स्ट्रोक ११० ची ताकद सरळ रेषेत वाढते. तिला चार गिअर आहेत पण क्लच आपोआप लागतो. मुलाला फक्त थ्रॉटल, ब्रेक आणि तोल या तीनच गोष्टी शिकायच्या असतात. क्लच नंतर. अशा शिकाऊ गाड्यांत थ्रॉटल किती उघडावा हे मर्यादित करणारा स्क्रूही असतो. तो सुरुवातीला घट्ट बसवून द्यायचा आणि महिन्या-महिन्याने सैल करायचा. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते; ताशी २० किलोमीटरला खरचटणारे मूल ताशी ४० ला हाड मोडून घेते. ही वीस-चाळीसची मर्यादा शब्दांत घालून उपयोग नसतो, स्क्रूने घालावी लागते.

बाजारात काय मिळते?

भारतात या वयासाठी पर्याय मोजके आणि महाग. कावासाकीने केएलएक्स ११० ही २०१८ मध्ये २.९९ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आणली होती. केटीएमच्या मुलांसाठीच्या शर्यतीच्या गाड्या २०२४ मध्ये आल्या, त्यातली सर्वांत लहान ५० एसएक्स सुद्धा पावणेपाच लाखांच्या घरात. याच दोन कंपन्यांच्या ६५ आणि ८५ सीसीच्या गाड्या शर्यतीची तयारी करणाऱ्यांसाठी आहेत, पहिल्या रविवारसाठी नाहीत.

दुसऱ्या टोकाला ऑनलाइन मिळणाऱ्या ४९ सीसीच्या, दोरी ओढून सुरू होणाऱ्या ‘मिनी डर्ट बाइक’. स्वस्त, चमकदार आणि चाके इतकी लहान की नांगरटीतल्या ढेकळावर थेट अडतात. मोठे चाक ढेकळावरून चढून जाते, लहान चाक त्याला धडकते. हे बैलगाडीच्या चाकापासून सगळ्यांना माहीत आहे. चौदा वर्षांच्या मुलाचे गुडघे तर हँडलला लागतात. ही टाळावीच.

तिसरा पर्याय गावचा. घरातली जुनी स्प्लेंडर किंवा सीटी १००, मडगार्ड काढायचे, बटण टायर घालायचे, सायलेन्सर कापायचा. पैसे वाचतात, सुटे भाग कुठेही मिळतात, मिस्त्री ओळखीचा असतो. पण ११० किलोचे वजन तसेच राहते आणि मागचे शॉकअप उड्यांसाठी बनलेलेच नसतात. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करण्याला कलम ५२ ची मनाई आहे, आणि आरसी घरमालकाच्या नावावर असल्याने उद्या काही झाले तर कलम १९९अ मधला ‘मालक’ शोधायला पोलिसांना फार लांब जावे लागत नाही.

विजेच्या गाड्या हा खरा बदल ठरू शकतो. क्लच नाही, आवाज नाही, तापलेला सायलेन्सर नाही, वेगाची मर्यादा बटणाने लावता येते. हिरोच्या विडाने लहान मुलांसाठी अशी गाडी आणली आहे, पण ती १० वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मापाची. मोठ्या मुलांसाठीच्या इलेक्ट्रिक डर्ट बाइक घेताना एक आकडा लक्षात ठेवायचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या ठरावीक वजनाच्या वाहनांनाच नोंदणी-परवान्यातून सूट आहे. त्यापुढची प्रत्येक गाडी, आवाज करो न करो, मोटार वाहनच.

फटाक्यांच्या गावात एक जादा प्रश्न

तेरखेडा राज्यभर ओळखले जाते ते फटाक्यांच्या कारखान्यांसाठी. गावाच्या शिवारात दारू हाताळणारी आवारे आहेत. इथे गाडीच्या सायलेन्सरकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि त्याचा काजळीचा थर सायलेन्सरमध्ये साचतो. तो सुटला की तापलेला कण बाहेर पडतो. अमेरिकेत जंगलाच्या वाटांवर जाणाऱ्या गाड्यांना यासाठी ‘स्पार्क अरेस्टर’ म्हणजे ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची आहे. केएलएक्ससारख्या शिकाऊ गाड्यांत ती असते, शर्यतीच्या गाड्यांत बहुधा नसते. घेताना विचारून, सायलेन्सरच्या टोकात टॉर्च मारून पाहून घ्यावी. जाळी आहे म्हणून कारखान्याच्या आसपास गाडी फिरवावी असा मात्र याचा अर्थ नाही. मार्च ते मे या काळात वाळलेल्या कुसळाच्या माळावर तर चारचाकीच्या सायलेन्सरनेही गवत पेटते.

रानातले बाकीचे धोके शेतकऱ्याला सांगायला नकोत, पण मुलाच्या नजरेने एकदा पाहावेत. कठडा नसलेली विहीर. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार, जी ताशी ३० किलोमीटरच्या वेगात दिसतच नाही. जमिनीतून वर आलेला बोअरचा केसिंग पाइप. ठिबकच्या नळ्या. सोयाबीन काढल्यावर उरलेले टोकदार बुडखे. सरावाची जागा आधी पायी फिरून पाहायची आणि कुंपणाच्या तारेपासून पाच-सहा मीटर आत चुन्याची रेघ मारायची; गाडी त्या रेघेच्या आतच. वीस गुंठ्यांचा सपाट तुकडा सुरुवातीला पुरतो. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी काढूच नये. माती मडगार्डात भरून चाक जाम होते. आणि येडशी-रामलिंग घाटाचा परिसर कितीही खुणावत असला तरी ते अभयारण्य आहे.

हेल्मेटचे पैसे वेगळे काढा

गाडीच्या बजेटमधून उरले तर हेल्मेट, असा क्रम सर्रास दिसतो. तो उलटा करावा. हनुवटी झाकणारे, आयएसआय किंवा ईसीई खूण असलेले, मुलाच्याच मापाचे हेल्मेट. बाबांचे हेल्मेट आत फडके कोंबून घालू नये. पडताना ते निघून जाते, आणि जड हेल्मेट मुलाच्या मानेला ओढते. गॉगल. छाती-पाठीचे कवच. गुडघा-कोपराचे संरक्षण. पूर्ण बोटांचे हातमोजे. आणि ज्यावर सर्वांत आधी कात्री लावली जाते ते बूट. ऑफ-रोडचा बूट नडगीपर्यंत उंच आणि कडक असतो, कारण मोडतो तो बहुधा घोटा. शाळेचा कॅनव्हासचा बूट इथे अनवाणी असल्यासारखाच. मराठवाड्याच्या उन्हात हे सगळे अंगावर चढवून दुपारी सराव करणे अशक्य. सकाळी नऊच्या आत आटोपावे.

डॉक्टरांचा कौल काय?

तो स्पष्टपणे विरोधात आहे, हे पालकांनी मान्य करूनच पुढे जावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, १६ वर्षांखालील मुलांनी ऑफ-रोड मोटार वाहने चालवू नयेत अशी भूमिका घेतली आहे. त्यात दोनचाकीही येतात. कारण शारीरिक आहे. या वयात लांब हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिथे मोडले तर हाड जुळते, पण वाढ थांबून हात किंवा पाय आखूड-वाकडा राहू शकतो.

आणि सगळी काळजी घेऊनही जे घडू शकते ते ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईत घडले. राष्ट्रीय मोटारसायकल शर्यतीत बेंगळुरूच्या १३ वर्षांच्या रायडरचा अपघाती मृत्यू झाला. ती डांबरी ट्रॅकवरची शर्यत होती, मुलगा परवानाधारक स्पर्धक होता, रुग्णवाहिका जागेवर होती. तेरखेड्याच्या रानात यातले काहीच नसते. म्हणून सरावाच्या वेळी एक मोठे माणूस, चार्ज असलेला मोबाइल आणि रेंज हवीच. १०८ ला फोन केल्यावर सांगायला शेताचा नेमका ठावठिकाणा, महामार्गापासून कुठला फाटा इथपर्यंत, ठरलेला हवा. ‘थोरल्या वडाजवळ’ हे गावाला कळते, रुग्णवाहिकेच्या चालकाला कळत नाही.

मग सुरुवात कुठून?

सायकलवरून. त्याच मुरमाड जमिनीवर सहा महिने गिअरची सायकल, पेडलवर उभे राहून. गुडघे-कोपर सैल ठेवणे, नजर चाकाऐवजी दहा मीटर पुढे, खडीवर पुढचा ब्रेक हळू दाबणे या सवयी सायकलवर लागतात आणि पडण्याची किंमत कमी असते. ज्याला सायकलवर उभ्याने इंग्रजी आठचा आकडा काढता येत नाही, त्याला गाडी देऊन फायदा नाही. यात मुलगा-मुलगी असा भेद करायचे कारण नाही. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये एफआयएम बाजाज विश्वचषकाचा महिला गट जिंकला आहे.

त्यानंतर लगेच गाडी विकत घेण्याआधी एखाद्या प्रशिक्षण केंद्रात दोन दिवस घालवणे स्वस्त पडते. डाकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांचे कोलारजवळचे बिगरॉक डर्टपार्क हे यातले ओळखीचे नाव. अशा ठिकाणी गाडी आणि कवच तिथलेच मिळते. दोन दिवसांनंतर मूल ‘पुन्हा कधी?’ विचारते की गप्प बसते, यावरून तीन लाखांचा निर्णय पुष्कळसा होऊन जातो. शर्यतीचा विचार असेल तर देशातील शर्यतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफएमएससीआय या महासंघाचा स्पर्धक परवाना लागतो. तो रस्त्यावर गाडी चालवण्याचा परवाना नव्हे.

घ्यायचीच ठरली तर पहिली गाडी जुनी घेतलेली बरी. या वयात उंची वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढते, म्हणजे मापाची गाडी दीड-दोन वर्षांत अपुरी पडते. जुनी घेताना पुढच्या फोर्कमधून तेल गळते का, चाकाच्या तारा सैल आहेत का, चॅसीवर वेल्डिंगचा नवा सांधा आहे का, मागचा आर्म हाताने हलवला तर खडखडतो का, हे पाहावे. सुटे भाग पुण्याहून मागवावे लागतील हे धरून चालावे. आणि मूळ बिल, परदेशी गाडी असेल तर आयातीचे कागद, मागून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आरसी नसलेल्या गाडीची मालकी सांगणारा तोच एकमेव कागद असतो, आणि दोन वर्षांनी ती विकायला काढल्यावर पुण्या-कोल्हापूरचे गिऱ्हाईक गाडी सुरू करून पाहण्याआधी तोच मागते.